आत्महत्येची जोखीम तपासताना: कोणते स्केल, कधी आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात काम करणारे एक निवासी डॉक्टर विचारतात: ओपीडीत गर्दी, वॉर्डात मोजक्या खाटा, सायकॉलॉजिस्ट एकच. आत्महत्येची जोखीम मोजायला कोणते स्केल (गुण देणारी प्रश्नावली) वापरावे, आणि किती स्कोअर आला की रुग्णाला दाखल करावे?

आधी प्रश्नाचा दुसरा भाग घेऊ, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. असा कोणताही स्कोअर नाही. अमुक गुणांच्या वर दाखल, खाली घरी, अशी रेघ कोणत्याही स्केलवर मारता येत नाही. यात स्केल बनवणाऱ्यांचा दोष नाही, हिशेबच तसा आहे.

समजा, एका विभागातून वर्षभरात १,००० रुग्ण घरी गेले आणि पुढच्या वर्षात त्यांतले ५ आत्महत्येने दगावले. (आकडे फक्त हिशेबासाठी धरले आहेत.) आपल्याकडे एक चांगले स्केल आहे: दगावणाऱ्या शंभरांपैकी ८० जणांना ते ओळखते आणि न दगावणाऱ्या शंभरांपैकी ८० जणांना बरोबर बाजूला काढते. म्हणजे ५ पैकी ४ सापडले. पण उरलेल्या ९९५ पैकी १९९ जणांच्या केसपेपरवरही ‘हाय रिस्क’ लिहिले गेले. एकूण २०३ जणांवर शिक्का, त्यात खरे ४. शंभरात दोन. आणि पाचवा माणूस ‘लो रिस्क’च्या गठ्ठ्यात गेला, जिथे त्याच्याकडे कोणी पुन्हा वळून बघणार नाही. मला दुसऱ्या चुकीची जास्त काळजी वाटते.

हे कागदावरचे गणित झाले, पण प्रत्यक्षातही असेच घडले आहे. पोकॉर्नी यांनी १९८३ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या ४,८०० मनोरुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतले ६७ जण पुढे आत्महत्येने गेले. हाताशी असलेली सगळी मापे एकत्र करूनही त्या ६७ जणांना वेगळे काढता आले नाही, खोटे इशारे शेकड्यांनी आले. २०१७ मध्ये फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले. जोखीम घटकांवरून केलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेमच बरे निघाले. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच लिहिले आहे की पुढची आत्महत्या किंवा स्वतःला इजा यांचे भाकीत करायला स्केल वापरू नका, कोणाला उपचार द्यायचे हे त्यावरून ठरवू नका, आणि लो-मीडियम-हाय अशी सरसकट वर्गवारी करू नका.

मग स्केल कशाला हवे? तीन कामांसाठी, आणि तिन्ही महत्त्वाची आहेत. एक, गर्दीत, रात्रपाळीत, थकलेल्या अवस्थेत प्रश्न सुटून जात नाहीत. दोन, सकाळच्या डॉक्टरने लिहिलेले संध्याकाळच्या डॉक्टरला आणि सिस्टरना त्याच अर्थाने कळते. तीन, त्याच रुग्णात सोमवार ते गुरुवार काय बदलले ते दिसते. रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या दिवसांशी होते, हा स्केलचा खरा उपयोग.

आता कोणते. एकच निवडायचे असेल तर कोलंबिया स्केल, म्हणजे सी-एसएसआरएस. केली पोस्नर आणि सहकाऱ्यांनी त्याचा मुख्य अभ्यास २०११ मध्ये मांडला. त्याची छोटी आवृत्ती सहा प्रश्नांची आहे आणि ती सिस्टर, समाजसेवा अधीक्षक, इंटर्न कोणीही थोड्या प्रशिक्षणानंतर वापरू शकतात. रचना जिन्यासारखी आहे: मरणाची इच्छा, आत्महत्येचा विचार, विचारात मार्ग आलेला, विचारासोबत इरादा, इराद्यासोबत ठरवलेली योजना, आणि सहावा प्रश्न प्रत्यक्ष वागण्याचा. पहिले दोन प्रश्न सगळ्यांना विचारायचे. दुसऱ्याला ‘हो’ आले तर तिसरा, चौथा, पाचवा. ‘नाही’ आले तर थेट सहावा. सहावा कधीही गाळायचा नाही. फॉर्म घाईत भरणारे नेमके हेच करतात: दुसऱ्याला ‘नाही’ आले की पेन खाली ठेवतात, आणि दोन महिन्यांपूर्वीचा प्रयत्न नोंदीतच येत नाही.

प्रश्न मराठीत कसे विचारायचे यावर बरेच काही अवलंबून आहे. विभागात सगळ्यांनी एकच शब्दरचना ठरवावी आणि तीच वापरावी. तोंडी विचारताना अर्थ साधारण असा पोचायला हवा: “आपण नसतो तर बरं झालं असतं, किंवा रात्री झोपलो ते सकाळी उठूच नये, असं वाटलं का?” मग “आपणहून जीव द्यावा असा विचार मनात आला का?” त्याला ‘हो’ आले तर “कसं करायचं, याचाही विचार झाला का?” “तसं करायचंच, असं थोडंफार तरी मनानं घेतलं होतं का?” “कधी, कुठे, हे ठरवलं होतं का? आणि ते पार पाडायचं होतं का?” शेवटी “जीव द्यायचा प्रयत्न, त्याची सुरुवात किंवा नुसती तयारी, असं आयुष्यात कधी केलंय का? गेल्या तीन महिन्यांत?”

‘मनात काही वाईट विचार येतात का?’ हा ओपीडीतला सर्रास प्रश्न आहे आणि तो निरुपयोगी आहे. कोणी त्याचा अर्थ लैंगिक विचार असा घेतो, कोणी दुसऱ्याचे वाईट चिंतणे, तर ओसीडीचा (मंत्रचळाचा) रुग्ण त्याच्या नको असलेल्या विचारांबद्दल ‘हो’ म्हणतो. ‘तसलं काही नाही ना मनात?’ हा त्याहून वाईट, कारण त्यात उत्तर आधीच भरून दिलेले आहे. नातेवाईक ‘काही बरंवाईट करून घेतलं तर?’ असे म्हणतात, ते त्यांच्या तोंडी ठीक आहे, आपण मात्र ‘जीव देणे’ किंवा ‘आत्महत्या’ हे शब्द सरळ वापरावेत. शब्द उच्चारल्याने विचार डोक्यात घातला जातो ही भीती तपासून झाली आहे. २००५ मध्ये गुल्ड यांनी दोन हजारांवर शाळकरी मुलांत यादृच्छिक चाचणी घेतली. प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये ना त्रास वाढला, ना आत्महत्येचे विचार.

उलट बाजूही सांभाळायला हवी. ‘देवा, आता ने रे बाबा’ हे सत्तरीच्या आजी रोज संध्याकाळी म्हणत असतील, तर लगेच पहिल्या पायरीवर खूण करू नका. पण सोडूनही देऊ नका. “पूर्वीही असं म्हणायचात का? आता म्हणताना काही वेगळं वाटतं का?” हा एक पुढचा प्रश्न बहुतेक वेळा उलगडा करतो. जुनी सवय आणि नवी इच्छा यांतला फरक घरच्यांनाही चटकन सांगता येतो.

कालावधी हा आणखी एक खड्डा. ‘गेल्या महिन्यात’ म्हटले की रुग्ण अंदाजाने उत्तर देतो. कॅलेंडरऐवजी खुणा द्या: गणपतीनंतर, पेरणीच्या वेळी, मुलीची परीक्षा संपली तेव्हा. सहाव्या प्रश्नात तीन महिन्यांच्या आत की आधी, यावर पुढची कृती बदलते. त्यामुळे इथे दोन मिनिटे जास्त गेली तरी चालेल.

पूर्ण आवृत्तीत विचारांची तीव्रता पाच अंगांनी तपासतात: किती वेळा येतात, किती वेळ टिकतात, आवरता येतात का, काही थांबवणारे आहे का, आणि विचारामागचे कारण काय. यांतल्या दोन अंगांकडे जास्त लक्ष द्या, आवरता येणे आणि थांबवणारे. ‘विचार येतात, पण कामाला लागलो की जातात’ आणि ‘डोकं फुटेल इतके येतात, हटतच नाहीत’ यांत मोठे अंतर आहे. थांबवणाऱ्यांत मुले, आईवडील, श्रद्धा ही नावे येतात. तेवढ्यावर समाधान मानू नका, विचारा: “मुलांचा विचार मनात आला की काय होतं?” बहुतेक जण म्हणतात, हात थांबतो. पण कोणी म्हणाले, “माझ्याशिवाय ती सुखी राहतील,” तर तो आधार राहिलेला नाही. आणि कोणी मुलांनाही मागे ठेवायचे नाही असे सुचवले, तर तो वेगळ्या पातळीचा धोका आहे. तेव्हा मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था त्याच तासात व्हायला हवी.

वागण्याच्या भागात सगळ्यात जास्त चुका होतात. कोलंबियात प्रत्यक्ष प्रयत्न, दुसऱ्याने अडवलेला प्रयत्न, स्वतः थांबवलेला प्रयत्न आणि तयारी असे वेगळे रकाने आहेत. ‘हातात घेतलं होतं, तेवढ्यात मुलगी समोर येऊन उभी राहिली, मग ठेवून दिलं’ आणि ‘मुलीनं हातातून ओढून घेतलं’ ही दोन वाक्ये नोंदीत हमखास एकत्र होतात. पहिल्यात माणूस स्वतः थांबला, दुसऱ्यात त्याला अडवले गेले. पहिल्यात त्याला थांबवणारे काय होते ते आपल्या हाती लागते आणि तेच पुढच्या सुरक्षा योजनेत येते. दुसऱ्यात मुलगी घरी नसती तर काय झाले असते, हा प्रश्न उरतो. चिठ्ठी लिहिणे, देणी भागवणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, ही तयारी.

प्रयत्न म्हणजे काय, हेही नीट लक्षात ठेवा. थोडीशी का होईना मरायची इच्छा आणि त्या इच्छेने केलेली कृती, एवढे पुरते. इजा झाली पाहिजे असे नाही. ‘दोनच गोळ्या घेतल्या, नाटक होतं’ असे वॉर्डात ऐकू येते. गोळ्या दोन की वीस यावरून इरादा ठरत नाही, त्या माणसाला त्या वेळी काय होईल असे वाटले होते, त्यावरून ठरतो. निरुपद्रवी वस्तूने जीव जाईल अशी खात्री असलेल्या माणसाचा इरादा पक्काच होता. ‘नाटक’, ‘लक्ष वेधण्यासाठी’ हे शब्द केसपेपरवर लिहू नयेत. एकदा लिहिले की पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच चष्मा लावून बघतो. मरायची इच्छा अजिबात नसताना केवळ ताण उतरवण्यासाठी केलेली इजा कोलंबियात वेगळी नोंदतात. ती प्रयत्नांत मिसळू नका, पण किरकोळही समजू नका. अशी इजा करणाऱ्यांत पुढच्या प्रयत्नाचा धोका वाढलेलाच असतो.

छोट्या आवृत्तीसोबत तीन रंगांची वर्गवारी प्रचलित आहे: चौथ्या-पाचव्याला ‘हो’ किंवा तीन महिन्यांच्या आतले वागणे असेल तर लाल, तिसऱ्याला ‘हो’ किंवा जुने वागणे असेल तर मधला, फक्त पहिले-दुसरे असेल तर खालचा. नाइसची सूचना याच्या विरोधात जाते का? रंगाचा अर्थ ‘हा माणूस पुढे काय करील’ असा घेतला तर जाते. ‘आपण आता किती वेळात काय करायचं’ असा घेतला तर नाही. लाल म्हणजे रुग्णाला एकटे न सोडणे आणि मानसोपचारतज्ज्ञाने त्याच दिवशी, खोलीतून बाहेर जाण्याआधी बघणे. मधला म्हणजे त्याच दिवशी सविस्तर मुलाखत. खालचा म्हणजेही सुरक्षा योजना आणि जवळची तारीख. कोणत्याही रंगाचा अर्थ ‘काही नाही, जाऊ द्या’ असा होत नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांची स्केल थोडक्यात. आत्महत्येच्या विचारांचे स्केल १९७९ चे, १९ मुद्दे, प्रत्येकी ० ते २. मुलाखतीतून भरायचे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ओपीडीतल्या ६,८९१ रुग्णांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यात २ च्या वर गुण असणाऱ्यांत आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण सुमारे सात पट होते. २ च्या वर हे बघा, वीसच्या वर नाही. म्हणून ‘फक्त ३ आले’ असे म्हणू नये. याच स्केलची ‘आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ’ धरून विचारण्याची रीत मला फार उपयोगी वाटते. ओपीडीत आलेला दिवस बरा असू शकतो. “सगळ्यात वाईट दिवस कोणता होता? त्या दिवशी कुठपर्यंत गेलात?” या प्रश्नाचे उत्तर आजच्या उत्तरापेक्षा जास्त सांगून जाते.

बेक यांचेच निराशेचे (पुढे काही चांगले होणारच नाही असे वाटण्याचे) स्केल १९७४ चे, खरे-खोटे स्वरूपाची २० विधाने. १९९० च्या अभ्यासात ओपीडीतल्या १,९५८ रुग्णांपैकी १७ जण आत्महत्येने गेले, त्यांतल्या १६ जणांचे गुण ९ किंवा त्याहून जास्त होते. ऐकायला थक्क करणारे आहे, पण ९ च्या वर गुण असलेले आणि काहीही न झालेले रुग्ण त्याच अभ्यासात शेकड्यांनी होते. हे स्केल वापरायचे ते उपचाराचा रोख ठरवायला. नैराश्याचे गुण उतरले पण निराशा तशीच राहिली, तर काम अपुरे आहे.

नैराश्याच्या स्केलमधला एकेकटा मुद्दा हा रोजच्या वापरातला. पीएचक्यू-९ चा नववा, हॅमिल्टनचा तिसरा (० ते ४), माद्रसचा दहावा (० ते ६). इथे नेहमीची चूक एकूण बेरजेत हरवून जाण्याची. एकूण ८, म्हणून ‘सौम्य’, आणि नवव्यात मात्र २ लिहिलेले. नववा मुद्दा बेरजेआधी बघायचा, शून्य नसेल तर कोलंबियाचे सहा प्रश्न लगेच. अमेरिकेतल्या ८४ हजारांहून जास्त बाह्यरुग्णांच्या २०१३ च्या अभ्यासात नवव्याला ‘अजिबात नाही’ म्हणणाऱ्यांत वर्षभरात आत्महत्येने मृत्यू ०.०३ टक्के, ‘जवळजवळ रोज’ म्हणणाऱ्यांत ०.३ टक्के होते. दहा पट फरक, म्हणून प्रश्न मोलाचा. पण वरच्या गटातही हजारात तीन, म्हणून निर्णय एवढ्यावर नाही. शिवाय हा मुद्दा ‘मेलो तर बरं’ आणि ‘स्वतःला इजा’ या दोन गोष्टी एकाच प्रश्नात गुंडाळतो. ‘हो’ चा अर्थ विचारल्याशिवाय कळत नाही.

प्रयत्नानंतर वॉर्डात आलेल्या रुग्णासाठी बेक यांचे इराद्याचे स्केल आहे. गुण द्यायचे १५ मुद्दे, पहिले आठ परिस्थितीचे, पुढचे सात रुग्णाच्या सांगण्याचे. एकटा असतानाची वेळ निवडली होती का, कोणाला कळू नये याची खबरदारी घेतली होती का, नंतर मदत मागितली का. परिस्थितीचा भाग नातेवाइकांकडून पडताळता येतो, म्हणूनच तो मोलाचा. रुग्ण शुद्धीवर आल्यावर ‘रागाच्या भरात झालं’ म्हणतो. परिस्थिती दुसरेच सांगत असेल, तर परिस्थितीला वजन द्या.

स्किझोफ्रेनियात या सगळ्या स्केलना एक भोक आहे: आवाजांबद्दल ती विचारत नाहीत. आवाज जीव द्यायला सांगतात का, ऐकावे लागते का, आजवर त्यांचे कधी ऐकले आहे का, हे तीन प्रश्न हाताने जोडावेत. नैराश्य तपासायला कॅलगरी स्केल घ्या, त्याच्या नऊ मुद्द्यांत आठवा आत्महत्येचा आहे. आत्महत्येच्या विचारांसाठी इंटरसेप्ट या स्किझोफ्रेनियातल्या औषध-चाचणीतले १२ मुद्द्यांचे स्केल आहे. त्याच अभ्यासात ९८० रुग्णांमध्ये क्लोझापिनने ओलांझापिनपेक्षा आत्महत्येशी निगडित वर्तन कमी केले, म्हणजे इथे मोजणीतून थेट औषधाचा निर्णय निघतो. आणि औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर अकथिसिया बघा. जागेवर बसवत नाही, आतून तगमग होते, आणि रुग्ण त्याला ‘घाबरं होतं’ म्हणतो. ती तगमगच कित्येकदा धोक्याचे कारण असते आणि ती उपचाराने उतरते.

सॅड पर्सन्स हे १९८३ चे दहा मुद्द्यांचे स्केल अजून काही कॅज्युअल्टींत भिंतीवर दिसते. ते विद्यार्थ्यांना जोखीम घटक शिकवायला बनवले होते. निर्णयासाठी वापरू नका.

आता मुलाखतीची खोली, कारण स्केल बिघडते ते तिथे. सासू शेजारी बसलेली असताना सुनेने दिलेली सहाही ‘नाही’ कोरी समजावीत. “बाकीचे पाच मिनिटं बाहेर थांबा, मग तुमच्याशीही बोलतो,” असे सगळ्यांनाच सांगण्याची पद्धत ठेवली की कोणाला वावगे वाटत नाही. नंतर नातेवाइकांना वेगळे विचारायचे: झोप, जेवण, निरोपाची भाषा, पैशाचे व्यवहार अचानक मिटवणे, घरात काय काय हाताशी आहे. रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि घरचे ‘हो’, तेव्हा दोन्ही लिहा आणि निर्णय घरच्यांच्या माहितीवर घ्या. दारू पिऊन आलेल्याचे स्केल आत्ता भरा आणि उतरल्यावर पुन्हा भरा. ‘दारूत बोलला’ म्हणून पहिले खोडू नका.

नकाराबद्दल एक आकडा लक्षात ठेवावा. बुश, फॉसेट आणि जेकब्स यांनी २००३ मध्ये रुग्णालयात असताना किंवा घरी जाताच आत्महत्येने गेलेल्या ७६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. शेवटच्या संभाषणात ७८ टक्क्यांनी असे विचार नाहीत म्हणून सांगितले होते. आणि बहुतेकांत शेवटच्या आठवड्यात तीव्र चिंता किंवा अस्वस्थता नोंदलेली होती. म्हणून शून्य स्कोअर असलेला पण येरझाऱ्या घालणारा, दोन रात्री न झोपलेला रुग्ण माझ्या मते जास्त काळजीचा. तसाच, कित्येक दिवसांच्या तगमगीनंतर कारण नसताना एकदम शांत झालेला.

नोंद लिहिताना ‘सुसाइड रिस्क: लो’ एवढेच लिहिण्याऐवजी पिसानी आणि सहकाऱ्यांची २०१६ ची मांडणी वापरा: कोणाच्या तुलनेत, कधीच्या तुलनेत, हाताशी काय आधार, आणि कशाने चित्र पालटेल. नमुना असा: “वॉर्डातल्या इतर नैराश्याच्या रुग्णांपेक्षा धोका जास्त, कारण सहा आठवड्यांपूर्वी प्रयत्न. स्वतःच्या दाखल दिवसापेक्षा कमी: कोलंबिया पाचवरून दोनवर, झोप सहा तास. आधार: बहीण सोबत राहील, औषध तिच्या ताब्यात. चित्र पालटेल असे प्रसंग: १२ तारखेची कोर्टाची सुनावणी, नवऱ्याची भेट, पुन्हा झोप जाणे.” यातले शेवटचे वाक्य सगळ्यात कामाचे. सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन करायचा हे त्यातूनच निघते. ‘जीव देणार नाही’ असे रुग्णाकडून लिहून घेण्याची पद्धत अजून दिसते. तिने कोणाचा जीव वाचत नाही, फक्त बोलणे बंद होते.

त्याऐवजी स्टॅन्ली आणि ब्राउन यांची सुरक्षा योजना. धोक्याच्या खुणा, स्वतः करता येण्याजोग्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसे आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसे, डॉक्टर आणि हेल्पलाइन, आणि शेवटी घर सुरक्षित करणे. रुग्णाच्या शब्दांत, एका पानावर, फोटो काढून त्याच्या मोबाइलमध्ये. २०१८ च्या अभ्यासात अशी योजना आणि नंतरचे फोन मिळालेल्या रुग्णांत सहा महिन्यांत आत्महत्येशी निगडित वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. हेल्पलाइनच्या ओळीत टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात असे विचार असतील, तर त्यांच्यासाठीही हाच क्रमांक आहे, आणि जवळच्या एका माणसाला आजच सांगावे.

घर सुरक्षित करणे ग्रामीण महाराष्ट्रात सगळ्यात निर्णायक ठरते. शेतीची औषधे घराबाहेर कुलपात, किल्ली रुग्णाखेरीज दुसऱ्याकडे, फवारणी झाल्यावर उरलेले परत त्याच पेटीत. ‘लपवून ठेवा’ म्हणू नका, लपवलेले सापडते. गोळ्या एका आठवड्याच्याच लिहून द्या आणि त्या कोण देणार त्याचे नाव नोंदीत घाला.

दाखल करण्याचा निर्णय यातून येतो: इरादा आहे, आवरता येत नाही, घरी सोबत नाही, साधन काढून घेता येत नाही, किंवा आजार इतका तीव्र आहे की योजना पाळणे जमणार नाही. रुग्ण तयार असेल तर स्वतंत्र प्रवेश. तयार नसेल, निर्णयक्षमता कमी असेल आणि स्वतःला धोका असेल, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम ८९: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांची स्वतंत्र तपासणी, तीस दिवसांपर्यंत. मानसोपचारतज्ज्ञ जागेवर नसेल तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. कलम ८९ च्या कागदांत कोलंबियाची उत्तरे रुग्णाच्या शब्दांत जोडली, तर धोक्याचा आधार स्पष्ट होतो. कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम नाही. हे नातेवाइकांना पहिल्या पाच मिनिटांत सांगा. पोलिसांच्या भीतीने ते ‘चुकून घेतलं गेलं’ म्हणतात आणि सहाव्या प्रश्नाचे उत्तर कायमचे खोटे नोंदले जाते.

पुन्हा कधी मोजायचे? दाखल होताना पूर्ण आवृत्ती. नंतर ‘मागच्या भेटीपासून’ हा कालावधी धरून रोज किंवा एक दिवसाआड सहा प्रश्न. औषध बदलल्यावर, वाईट बातमी आल्यावर, रजेवर सोडण्याआधी आणि रजेवरून परतल्यावर. घरी सोडण्याच्या दिवशी पुन्हा, आदल्या दिवशीचे उत्तर उतरवून न घेता. २०१७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात वॉर्डातून सुटल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आत्महत्येचे प्रमाण दर लाख व्यक्ती-वर्षांमागे अकराशेच्या वर होते, नंतरच्या काळापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून एक महिन्याची तारीख देऊन पाठवू नका. तीन दिवसांत एक फोन, सात दिवसांच्या आत ओपीडी, आणि रुग्ण आला नाही तर त्याच संध्याकाळी सोबत राहणाऱ्या नातेवाइकाच्या नंबरवर फोन. तो नंबर डिस्चार्ज कार्डावर पेनाने मोठा लिहिलेला असावा, फाइलच्या आतल्या पानावर दडलेला नको.